ओलावा आणि अर्धसावली : इंग्लंडच्या छायोद्यानातील आशियाई बहुवर्षायू फुलझाडांचा इतिहास

प्रस्तावना

उद्यानांचा इतिहास सामान्यतः अभिरुचीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या काळात कोणती रचना लोकप्रिय होती, कोणत्या उद्यानतज्ज्ञाने कोणता विचार मांडला, कोणत्या प्रासादाभोवती कोणते ताटवे होते, अशा प्रश्नांभोवती तो फिरत राहतो. परंतु बागेत लावलेले प्रत्येक रोप कोठून तरी आलेले असते. ते कोणीतरी शोधलेले, खणून काढलेले, वाहून आणलेले आणि नाव दिलेले असते. या दृष्टीने पाहिले असता फुलांचा एखादा वाफा हा व्यापार, साम्राज्य, श्रम आणि ज्ञान यांच्या इतिहासाचे साधन ठरतो.

प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील छायोद्यान आणि त्यातील बहुवर्षायू फुलझाडे यांचा या दृष्टीने विचार केला आहे. वृक्षांच्या विरळ सावलीत अथवा ओढ्या-तळ्यांच्या काठी रचलेल्या बागेला येथे छायोद्यान असे म्हटले आहे. ज्या वनस्पतींचा जमिनीवरील भाग बहुधा हिवाळ्यात मरून जातो, परंतु मुळे, कंद किंवा मूलक्षोड जिवंत राहून वर्षानुवर्षे पुन्हा फुटतात, त्या येथे प्रामुख्याने अभिप्रेत आहेत. रोपवाटिकांच्या सूचींमध्ये अशा कित्येक वनस्पतींपुढे एक ठरावीक शिफारस आढळते : 'ओलसर जमीन, अर्धसावली'. ही शिफारस वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटते. वस्तुतः तिच्यामागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बऱ्याच अंशी मोसमी पावसाच्या आशियाचा इतिहास आहे, हे दाखविणे हा या लेखाचा मुख्य उद्देश आहे. हा इतिहास नोंदविताना कोणाची नावे टिकली आणि कोणाची गळून पडली, हा प्रश्नही त्याच्याशी निगडित आहे.

'वन्य' बागेची कल्पना

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील श्रीमंतांच्या बागांत हंगामी ताटव्यांच्या पद्धतीचे प्राबल्य होते. थंडी न सोसणारी पेलार्गोनियम, लोबेलिया, कॅल्सिओलारिया यांसारखी रोपे काचगृहांत वाढवायची, उन्हाळ्याच्या आरंभी ती मोठ्या संख्येने बाहेर आणून भौमितिक आकृत्यांत लावायची आणि हंगाम संपताच उपटून टाकायची, अशी ही पद्धत होती. तिला कोळसा, काच आणि माळ्यांचे अखंड श्रम लागत.

या पद्धतीविरुद्ध सर्वांत प्रखर लेखणी चालविली ती मूळच्या आयरिश असलेल्या विल्यम रॉबिन्सन (१८३८–१९३५) यांनी. 'द वाइल्ड गार्डन' हा त्यांचा ग्रंथ १८७० मध्ये आणि 'द इंग्लिश फ्लॉवर गार्डन' हा १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. थंडी सोसणारी बहुवर्षायू झाडे एकदा योग्य जागी लावावीत आणि ती तेथेच आपली आपण वाढावीत, राईच्या कडेला, झुडपांखाली, ओढ्याकाठी त्यांना मोकळेपणाने पसरू द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) यांनी आपल्या मन्स्टेड वुड येथील बागेत आणि १८९९ च्या 'वुड अँड गार्डन' या ग्रंथात या विचाराला रंगसंगतीची व कलादृष्टीची जोड दिली. विसाव्या शतकात इंग्लिश बाग म्हणून जी प्रतिमा जगभर पोहोचली, तिच्या घडणीत या दोघांचा वाटा मोठा आहे.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. रॉबिन्सन यांच्या 'वन्य बागे'त केवळ इंग्लंडचीच रानफुले असावीत असा त्यांचा आग्रह कधीच नव्हता. परदेशी काटक वनस्पतींना इंग्लंडच्या राईत रुजविणे हा आपल्या ग्रंथाचा विषय असल्याचे त्यांनी उपशीर्षकातच स्पष्ट केले होते. म्हणजे नैसर्गिक वाटणारी ही बाग प्रारंभापासूनच दूरच्या प्रदेशांतील वनस्पतींवर आधारलेली होती. पुढे बागा मुरल्या, झाडे वाढली आणि हे मूळ वास्तव मात्र विस्मृतीत गेले.

सावलीतील उन्हाळा आणि मोसमी पाऊस

परदेशी वनस्पतींची गरज का भासली, याचे उत्तर केवळ नावीन्याच्या हौसेत सापडत नाही. त्यास निसर्गातीलही कारण आहे. पश्चिम युरोपातील पानझडी जंगलांत जमिनीलगतच्या वनस्पती बहुतांशी वसंतात फुलतात. वृक्षांना पूर्ण पालवी फुटण्यापूर्वी जमिनीवर जो प्रकाश पोहोचतो, त्याच अवधीत प्रिमरोझ, वुड ॲनिमोनी, ब्लूबेल ही फुले आपले जीवनकार्य उरकून घेतात. जूनच्या सुमारास वरचे छत मिटते आणि खालची जमीन हिरवी पण पुष्पहीन होते. फिलिपेंड्युला किंवा ॲरंकस यांसारख्या काही युरोपीय वनस्पती ओलसर जागी उन्हाळ्यात फुलतात हे खरे, परंतु अशी उदाहरणे तुलनेने थोडी आहेत.

याउलट पूर्व हिमालय, नैर्ऋत्य चीन आणि जपान या प्रदेशांत पावसाचा मोठा भाग उन्हाळ्यातच पडतो. लंडनच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे ६०० मि.मी. पाऊस पडतो आणि तो बाराही महिन्यांत विभागलेला असतो. दार्जिलिंग येथे पावसाचे वार्षिक मान याच्या कितीतरी पट असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. अशा हवामानात डोंगरउतारांवरील बहुवर्षायू वनस्पतींची वाढ आणि फुलोरा यांचा काळ पावसाळ्याशी जुळलेला असतो. इंग्लंडमधील सावलीत जून-ऑगस्टमध्ये फुले हवी असतील तर ती या प्रदेशांतून येणे स्वाभाविक होते.

यातूनच 'ओलसर जमीन, अर्धसावली' या शिफारशीचा खरा अर्थ उलगडतो. सिक्कीममधील प्रिम्युला किंवा तिबेटमधील निळी पॉपी मूळ प्रदेशात नेहमीच गर्द सावलीत वाढते असे नाही. अनेक ठिकाणी ती उघड्या, पाणथळ कुरणांत किंवा झुडपांच्या कडेला आढळते. तेथे तिला वृक्षाच्या छायेची गरज पडत नाही, कारण आकाश ढगांनी झाकलेले असते, हवा दमट व थंड असते आणि मुळांशी सतत पाणी झिरपत असते. ही वनस्पती इंग्लंडच्या कोरड्या जुलैमध्ये जगवायची तर ढगांच्या जागी झाडाची सावली आणि पावसाच्या जागी ओढ्याचा काठ किंवा कुजलेल्या पाल्याची ओलावा धरणारी माती योजावी लागते. मोसमी पावसाला पर्याय म्हणून माळ्याने शोधलेली ही तजवीज होय. छायोद्यान हा उद्यानरचनेचा एक प्रकार आहेच, पण एका हवामानाचे दुसऱ्या हवामानात केलेले ते भाषांतरही आहे.

कलकत्ता, सहारनपूर आणि हिमालय

या भाषांतराचा पहिला मोठा टप्पा भारतात घडला. १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पतिउद्यान कलकत्त्याजवळ स्थापन झाले. फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०२-०३ मध्ये नेपाळात वनस्पती गोळा केल्या. त्या संग्रहाच्या आधारे जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १८०५ मध्ये प्रिम्युला डेंटिक्युलाटा या जातीचे वर्णन केले. गोल चेंडूसारखा जांभळा फुलोरा धरणारी ही प्रिम्युला आज युरोपातील ओलसर वाफ्यांत सर्रास दिसते. कलकत्ता उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक यांनी १८२०-२१ मध्ये नेपाळात संग्रहण केले आणि पुढे लंडनमध्ये 'प्लांटी एशियाटिकी रॅरिओरेस' हा त्रिखंडात्मक सचित्र ग्रंथ १८३० ते १८३२ या काळात प्रसिद्ध केला. सहारनपूर येथील उद्यानाचे प्रमुख जॉन फोर्ब्स रॉयल यांनी पश्चिम हिमालयातील वनस्पतींवर असाच मोठा ग्रंथ सिद्ध केला.

या मार्गाने गेलेल्या दोन वनस्पती विशेष विचारणीय आहेत. पहिली बर्जेनिया. हिमालयातील ओलसर, सावलीच्या खडकांवर वाढणाऱ्या या वनस्पतीचा मूलक्षोड आयुर्वेदात पाषाणभेद या नावाने मूतखड्यावरील औषध म्हणून प्रसिद्ध आहे. (पाषाणभेद या नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात, हेही येथे नमूद केले पाहिजे.) इंग्लंडमध्ये बर्जेनियाच्या जाती रुंद, चकचकीत पानांसाठी आणि वसंतातील गुलाबी-पांढऱ्या फुलांसाठी वाफ्याच्या कडेला लावल्या जाऊ लागल्या. जेकिल यांच्या त्या आवडत्या होत्या. प्रजातीला मिळालेले नाव मात्र कार्ल ऑगस्ट फॉन बेर्गेन या जर्मन वैद्यकतज्ज्ञाचे. हिमालयातून निघालेली वनस्पती परदेशी पोहोचली, तिच्याविषयीचे तेथील ज्ञान मात्र तिच्याबरोबर बागेत गेले नाही.

दुसरी वनस्पती रॉयल यांनी नाव दिलेली पोडोफायलम हेक्झँड्रम, म्हणजे हिमालयातील बनककडी. छत्रीसारखी पाने, नाजूक फिकट फुले आणि लाल फळे यांमुळे ती छायोद्यानांत मानाने लावली जाते. मूळ प्रदेशात तिच्या मूलक्षोडातील औषधी द्रव्यासाठी इतकी तोड झाली की १९९० मध्ये तिचा समावेश वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला. दूरच्या बागेत सुरक्षित आणि स्वस्थानी संकटग्रस्त, अशी तिची अवस्था झाली.

जोसेफ डाल्टन हूकर यांचा सिक्कीममधील प्रवास (१८४८–१८५०) हा या इतिहासातील सर्वांत परिचित अध्याय होय. ऱ्होडोडेंड्रॉनसाठी तो विशेष गाजला असला तरी पिवळ्या, सुगंधी, झुकलेल्या फुलांची प्रिम्युला सिक्किमेन्सिस हीदेखील त्याच प्रवासाची देणगी आहे. १८४८ मध्ये दार्जिलिंगहून पूर्व नेपाळकडे निघालेल्या हूकर यांच्या तुकडीत ५६ माणसे होती. त्यांत लेपचा, भुतिया, नेपाळी हमाल व संग्राहक यांचाच मोठा भरणा होता. नोव्हेंबर १८४९ मध्ये सिक्कीम दरबारातील अधिकाऱ्यांनी हूकर आणि दार्जिलिंगचे अधीक्षक कँपबेल यांना अटकेत ठेवले. त्याचे पर्यवसान १८५० मध्ये ब्रिटिशांनी सिक्कीमचा तराई प्रदेश ताब्यात घेण्यात झाले. वनस्पतिसंशोधन आणि सत्ताविस्तार हे एकमेकांपासून अलग नव्हते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

नेपाळ व हिमालयातील आणखी एक नवल म्हणजे कार्डिओक्रायनम जायगँटियम ही राक्षसी लिली. कित्येक वर्षे केवळ पाने वाढवून ती अखेरीस तीन मीटर उंचीचा दांडा उभारते, एकदाच फुलते आणि मूळ कंद मरून भोवती नवे कंद ठेवून जाते. १८५२ मध्ये ती एडिनबरो येथे फुलली, तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले.

काचपेटी आणि 'जपानी' ॲनिमोनी

बियाणे दूरवर नेता येत असे, परंतु जिवंत रोपे महिनोन्‌महिने चालणाऱ्या सागरी प्रवासात खारे वारे आणि पाण्याचा तुटवडा यांमुळे बहुधा मरून जात. ही अडचण दूर केली ती लंडनमधील वैद्य नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांच्या काचपेटीने. १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत नेचा व गवत आपोआप उगवून टिकल्याचे त्यांच्या पाहण्यात आले. काचेवर जमणारी वाफ पुन्हा मातीत उतरते आणि रोपाला पाणी मिळत राहते, हे तत्त्व त्यावरून त्यांनी ओळखले. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या सिडनीपर्यंत पाठविण्यात आल्या आणि रोपे जिवंत पोहोचली. १८४२ मध्ये वॉर्ड यांनी या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी नानकिंगच्या तहाने चीनची बंदरे ब्रिटिश व्यापाराला खुली झाली. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने १८४३ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून यांना काचपेट्यांसह चीनला पाठविले. शांघायच्या तटबंदीजवळील कबरींमध्ये शरदात फुलणारी एक गुलाबी ॲनिमोनी त्यांना आढळली आणि त्यांनी ती लंडनला पाठविली. नेपाळातून आलेली ॲनिमोनी व्हायटिफोलिया सोसायटीच्या चिझिक येथील बागेत आधीपासून होती. १८४८ च्या सुमारास या दोहोंचा तेथे संकर करण्यात आला. ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये अर्धसावलीत फुलणारी, उंच लवचीक दांड्यांवर डोलणारी ही संकरित ॲनिमोनी आज समशीतोष्ण जगातील बागांत सर्वत्र आहे. तिच्यातूनच १८५८ मध्ये फ्रान्समध्ये 'ऑनोरीन जोबेर' हा प्रसिद्ध पांढरा वाण निपजला.

ही वनस्पती 'जपानी ॲनिमोनी' या नावाने विकली जाते. तिची एक जनक चीनची, दुसरी नेपाळची आणि जन्म लंडनचा. चिनी जनक जपानात दीर्घकाळ लागवडीत होती आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी अठराव्या शतकात तिचे वर्णन जपानमधील वनस्पतींसमवेत केले. तेथून जपानचे नाव तिला कायमचे चिकटले. वनस्पतीच्या नावावरून तिचा इतिहास वाचू पाहणाऱ्याने किती सावध असले पाहिजे, हे या उदाहरणावरून दिसून येते.

जपान : अन्न, अलंकार आणि उपद्रव

जपानमधील वनस्पती युरोपात पोहोचविण्याचे मोठे श्रेय फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ट या जर्मन वैद्याला दिले जाते. डचांच्या सेवेत १८२३ मध्ये ते नागासाकीजवळील देशिमा बेटावर आले. जपानी विद्यार्थी आणि परिचितांच्या साहाय्याने त्यांनी प्रचंड संग्रह जमविला. देशाचे नकाशे बाळगल्याच्या आरोपावरून १८२९ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. नकाशे देणारे दरबारी ज्योतिषी ताकाहाशी कागेयासु तुरुंगातच मरण पावले. झीबोल्ट मात्र आपल्या संग्रहासह १८३० मध्ये युरोपात परतले आणि पुढे लायडन येथे त्यांनी जपानी वनस्पतींची रोपवाटिका चालविली.

छायोद्यानाचा आजचा कणा समजली जाणारी हॉस्टा ही याच काळात युरोपात रुळली. तिच्या प्रजातीला ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ होस्ट यांचे आणि तिच्या काही जातींना व वाणांना झीबोल्ट व फॉर्च्यून यांचे नाव मिळाले. जपानात तिला गिबोशी म्हणतात. हा शब्द पुलाच्या कठड्यावरील कांद्याच्या आकाराच्या कळसासाठीही वापरला जातो. तिचे कोवळे कोंब उरुई या नावाने वसंतातील रानभाजी म्हणून तेथे आवडीने खाल्ले जातात. युरोपीय बागेत तिचे केवळ शोभेचे रूप उरले.

याच मार्गाने आलेल्या दुसऱ्या एका बहुवर्षायू वनस्पतीची कथा वेगळ्या वळणाने गेली. जपानी नॉटवीड, जपानीत इतादोरी, ही ज्वालामुखीच्या राखेवर प्रथम रुजणाऱ्या वनस्पतींपैकी एक आहे. १८४७ मध्ये युट्रेख्ट येथे तिला सर्वांत उल्लेखनीय नवी शोभेची वनस्पती म्हणून सुवर्णपदक मिळाले. १८५० मध्ये झीबोल्ट यांच्याकडून ती क्यू येथील उद्यानात पोहोचली. रॉबिन्सन यांनी वन्य बागेसाठी तिची शिफारस केली होती, मात्र पुढे त्यांच्याच लेखनात सावधगिरीचा सूर आला. ब्रिटनमध्ये पसरलेली ही वनस्पती एकाच मादी कृंतकाची असून बियांविना, केवळ मूलक्षोडाच्या तुकड्यांतून ती पसरली, असे संशोधनाने दाखविले आहे. १९८१ च्या कायद्याने ती मोकळ्या निसर्गात लावण्यास तेथे बंदी घालण्यात आली. तिच्या मूळ प्रदेशात तिला रोखणारे कीटक व बुरशी तिच्यासोबत आले नव्हते. वनस्पती तिच्या परिसरापासून वेगळी काढता येते, या गृहीतकाची ही मोठी किंमत होती.

युनान व तिबेट : प्रायोजक, संग्राहक आणि निळी पॉपी

विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिसंग्राहकांचे लक्ष चीनच्या युनान प्रांताकडे आणि तिबेटच्या सीमेकडे वळले. जॉर्ज फॉरेस्ट यांनी १९०४ ते १९३२ या काळात युनानमध्ये सात मोहिमा केल्या. त्यांतील पहिल्या मोहिमांचे प्रायोजक लिव्हरपूलचे कापूस-व्यापारी आर्थर बुली होते आणि त्यांच्या बियाणे-व्यवसायाचे नाव 'बीज' असे होते. मेणबत्त्यांच्या झुंबराप्रमाणे एकावर एक फुलांची वलये धरणाऱ्या दोन प्रिम्युलांना फॉरेस्ट यांनी प्रिम्युला बुलियाना आणि प्रिम्युला बीसियाना अशी नावे दिली. पहिली नारिंगी, दुसरी किरमिजी. इंग्लंडमधील ओढ्याकाठच्या बागांचे दृश्य या दोहोंनी व त्यांच्या संकरांनी पालटून टाकले. एकीचे नाव भांडवल पुरविणाऱ्याचे आणि दुसरीचे त्याच्या दुकानाचे.

फॉरेस्ट यांच्या संग्रहात सुमारे ३१,००० नमुने होते असे मानले जाते. एवढे काम एकट्या माणसाचे नव्हते. लिजिआंगजवळच्या नाशी समाजातील गावकऱ्यांचा एक प्रशिक्षित गट त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे काम करीत होता. झाओ चेंगझांग हे त्या गटाचे प्रमुख होते. कोणत्या खिंडीत काय फुलते, बी केव्हा पिकते आणि बर्फ पडण्यापूर्वी कोठे पोहोचावे लागते, हे ज्ञान या लोकांचे होते. मानवशास्त्रज्ञ एरिक म्यूगलर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या गटाच्या कार्याची सविस्तर मांडणी केली, तेव्हा कोठे त्याची योग्य दखल घेतली गेली. बुलियाना लावणाऱ्या बहुतेक उद्यानप्रेमींना झाओ यांचे नाव आजही अपरिचित आहे.

निळ्या पॉपीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. फ्रेंच मिशनरी देलावे यांनी १८८६ मध्ये युनानमध्ये जमविलेल्या नमुन्यावरून मेकॉनॉप्सिस बेटॉनिसिफोलिया या जातीचे वर्णन १८८९ मध्ये झाले. लष्करी अधिकारी फ्रेडरिक बेली यांनी १९१३ मध्ये त्सांगपो नदीच्या प्रदेशात प्रवास करताना निळ्या पॉपीचे एक फूल टिपून घेतले. त्याच परिसरातून फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी १९२४ मध्ये बियाणे आणले आणि १९२६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती फुले पाहण्यास गर्दी लोटली. या तिबेटी वनस्पतीला प्रथम बेली यांचे नाव मिळाले, पुढे ती युनानच्या जातीत विलीन केली गेली आणि २००९ मध्ये ग्रे-विल्सन यांनी ती पुन्हा स्वतंत्र जाती म्हणून मांडली. शास्त्रीय नावांतील या बदलांत वाद आहे तो युरोपीय शोधकांमधील अग्रक्रमाचा. ज्या खोऱ्यात ती फुलत होती तेथील लोक तिला काय म्हणत, हा प्रश्न त्यात उद्भवतच नाही.

नावांचा प्रश्न

त्या काळी स्थानिक सहकाऱ्यांची नावे नोंदविण्याची पद्धतच नव्हती, असे समर्थन या संदर्भात केले जाते. हे समर्थन पूर्णतः मान्य करता येत नाही. डच अधिकारी व्हान रीड यांनी मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेला 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडात एळवा समाजातील वैद्य इट्टी अच्युतन यांचे आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचे प्रमाणपत्र छापलेले आहे. या तिघांचे निवेदन नागरी लिपीत आणि कोंकणी भाषेत आहे. म्हणजे फॉर्च्यून यांच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी एका युरोपीय ग्रंथाने आपल्या ज्ञानाचे मूळ सांगणाऱ्यांना नावानिशी आणि त्यांच्या लिपीनिशी स्थान दिले होते. ब्लूमे यांनी पुढे ओलसर सावलीत वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या प्रजातीस अच्युतन यांच्यावरून 'अचुडेमिया' असे नाव दिले.

वॉलिक यांच्या ग्रंथातही विष्णुप्रसाद व गोराचंद या भारतीय चित्रकारांची नावे चित्रांखाली छापलेली आहेत. यावरून असे दिसते की नाव नोंदविणे शक्य होते आणि काही प्रसंगी ते झालेही. पुढच्या काळात वनस्पती ही बाजारातील वस्तू बनली, प्रायोजकाला मोबदला म्हणून नाव हवे झाले आणि संग्राहक हा 'एकाकी वीर' म्हणून रंगविला जाऊ लागला. स्थानिक श्रमाचे विस्मरण ही काळाची अपरिहार्यता नव्हती. ती एका विशिष्ट व्यवस्थेची निष्पत्ती होती.

अर्थात या संग्राहकांचे धाडस नाकारण्याचे कारण नाही. फॉरेस्ट १९०५ मध्ये हल्ल्यातून जेमतेम वाचले आणि १९३२ मध्ये युनानमध्येच मरण पावले. मात्र १९०५ मध्ये ते वाचले तेही स्थानिक लोकांनी दिलेल्या आश्रयामुळे, हे त्यांच्या चरित्राचाच भाग आहे.

मूळस्थानाकडे परत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या इतिहासाला एक आशादायक वळण मिळाले. बेथ चॅटो (१९२३–२०१८) यांनी १९६० पासून एसेक्स परगण्यात, इंग्लंडच्या अत्यंत कमी पावसाच्या भागात, एक बाग उभारली. तेथील झिरपणाऱ्या ओढ्याला बांध घालून त्यांनी पाणबाग तयार केली आणि १९८२ मध्ये 'द डॅम्प गार्डन' हे पुस्तक लिहिले. कोणतेही रोप लावण्यापूर्वी ते मूळ कोठे आणि कोणत्या परिस्थितीत वाढते हे समजून घ्यावे, हे त्यांचे सूत्र होते. त्यांचे पती अँड्र्यू चॅटो यांनी वनस्पतींच्या मूळ अधिवासांचा आयुष्यभर अभ्यास केला होता. येथे मूळस्थान हा केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा विषय न राहता लागवडीचा पाया ठरतो.

हवामानबदलाच्या काळात या सूत्राचे महत्त्व वाढले आहे. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा उन्हाळ्यात ज्या वनस्पती प्रथम माना टाकतात, त्यांत मोसमी प्रदेशातून आलेल्या, सतत ओलावा मागणाऱ्या प्रिम्युला व निळ्या पॉपींचा समावेश होतो. वृक्षाची सावली आणि ओढ्याचा काठ मोसमी पावसाची जागा किती काळ भरून काढतील, हा आता उद्यानशास्त्रापुढील प्रत्यक्ष प्रश्न आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, इंग्लंडचे नैसर्गिक भासणारे छायोद्यान हे बऱ्याच अंशी हिमालय, चीन आणि जपान येथील वनस्पतींच्या स्थलांतरातून घडले आहे. दुसरी, 'ओलसर जमीन, अर्धसावली' ही लागवडीची शिफारस म्हणजे मोसमी हवामानाची माळ्याने केलेली पर्यायी रचना आहे. तिसरी, या स्थलांतरात वनस्पतीसोबत तिचे नाव, उपयोग आणि तिला ओळखणारी माणसे क्वचितच नोंदली गेली.

या इतिहासाचे वर्तमानाशी नाते आहे. १९९२ चा जैवविविधता करार आणि २०१० चा नागोया मसुदा यांनी जैवसंपत्ती व तिच्याविषयीचे पारंपरिक ज्ञान यांवरील स्थानिकांचा हक्क मान्य केला. तथापि पूर्वी नेलेल्या वनस्पतींना हे करार लागू होत नाहीत. जुलै २०२४ मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने आफ्रिकी लोकांना अवमानकारक ठरणारी काही जातिनामे बदलण्याचा निर्णय घेतला. नावांचा प्रश्न वनस्पतिशास्त्रानेही आता गंभीरपणे घेतला असल्याचे ते द्योतक आहे.

भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करण्याची तरतूद झाली. स्थानिक नाव, अधिवास, उपयोग आणि माहिती देणारी व्यक्ती यांची नोंद त्यात अपेक्षित असते. वर पाहिलेल्या वनस्पतींच्या प्रवासात नेमकी हीच नोंद राहून गेली होती. अनेक ठिकाणी या नोंदवह्या केवळ पूर्ततेसाठी भरल्या जातात. आपल्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि भाषा हे तिन्ही विभाग एकत्र येऊन हे काम करू शकतात, कारण एका विषयाच्या चौकटीत ते मावणारे नाही. झाओ चेंगझांग यांचे कार्य प्रकाशात येण्यास सुमारे एक शतक लागले. आपल्या परिसरातील जाणकारांची नावे आजच लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.